टी४ फाजचे आरटू म्युटंट: प्लेटवरच्या डागापासून डीएनएपर्यंत, टप्प्याटप्प्याने

एम.एस्सी.च्या जेनेटिक्स प्रात्यक्षिकांत टी४ फाजचा (जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूचा) आरटू प्रयोग दिसायला सोपा आहे. चार प्लेट, दोन जिवाणू, दोन म्युटंट, एवढेच सामान. तरीही तीन चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. पहिली, प्लाक (जिवाणूंच्या थरात फाजने पाडलेला स्वच्छ डाग) शुद्ध न करताच चाचण्या सुरू करणे. दुसरी, पूरकता (दोन म्युटंटनी एकमेकांची उणीव भरणे) आणि पुनर्संयोजन (त्यांच्या डीएनएची अदलाबदल) यांत गल्लत. तिसरी, जेलवर डीएनएचा एक पट्टा पाहून त्यावरून लांबी सांगणे. या चुकांमधून येणारे उत्तर चुकीचे वाटत नाही, म्हणून त्या धोकादायक आहेत. तक्ता भरतो, आकडे जुळल्यासारखे दिसतात आणि वही सही होऊन परत येते.

इथे मी कामाचा क्रम सांगतो आहे, आणि प्रत्येक पायरीमागे टी४ च्या डीएनएची कोणती गोष्ट काम करते तेही. ती रचना डोक्यात असेल तर अर्ध्या चुका टळतात.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

टी४ चा वाइल्ड टाइप (मूळ, बदल न झालेला फाज) ई. कोलाय बी वर लहान, कडा धूसर असलेले प्लाक देतो. संसर्ग झालेल्या पेशीवर आणखी फाज येऊन आदळले की ती पेशी फुटणे लांबवते, म्हणून कडेला धुरकट वलय राहते. आर म्युटंटमध्ये हे लांबवणे होत नाही. पेशी वेळेवर फुटतात आणि प्लाक मोठा, कोरीव कडेचा येतो. पण आर म्युटंट एकाच जातीचे नसतात. आरवन, आरटू आणि आरथ्री हे तिन्ही बी वर सारखेच दिसतात. आरटूची ओळख वेगळी आहे: ज्या के-१२ पेशीत लॅम्डा फाज सुप्तावस्थेत बसलेला आहे, तिच्यात आरटू म्युटंट वाढत नाही. त्या पेशीला पुढे आपण के-लॅम्डा म्हणू. वाइल्ड टाइप मात्र तिच्यात आरामात वाढतो. सगळा प्रयोग या एका फरकावर उभा आहे. लाखो फाजांत एखादाच वाइल्ड टाइप असला तरी तो के-लॅम्डावर प्लाक देऊन स्वतःला उघड करतो.

दुसरी गोष्ट डीएनएची. टी४ चा जनुकसंच १,६८,९०३ बेसजोड्यांचा आहे. डोक्यात जाणारा डीएनए मात्र याहून साधारण ३ हजार बेसजोड्यांनी लांब असतो, कारण डोके भरेपर्यंत डीएनए आत ओढला जातो आणि मगच कापला जातो. त्यामुळे प्रत्येक रेणूच्या सुरुवातीचा मजकूर शेवटी पुन्हा येतो. शिवाय प्रत्येक कणात सुरुवात वेगळ्या जागी होते. एका कणात 'कखगघ…क' असेल तर दुसऱ्यात 'गघ…कखग'. म्हणून रेणू सरळ असूनही जनुकांचा नकाशा वर्तुळाकार येतो. ही रचना वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

## टप्पा १ : सामान आणि जिवाणूंची पारख

लागणारे जिवाणू दोन: ई. कोलाय बी आणि के-लॅम्डा. फाज तीन प्रकारचे: वाइल्ड टाइप, एक ओळखीचा आरटूए म्युटंट आणि एक ओळखीचा आरटूबी म्युटंट (आरटूच्या ए आणि बी या दोन भागांपैकी एकेक बिघडलेला). नकाशा काढायचा असेल तर मोठ्या डिलिशनचे (डीएनएचा तुकडाच गळालेले) म्युटंटही हवेत. त्यांत आर१२७२ हवाच, कारण त्यात आरटूचे दोन्ही भाग पूर्ण गायब आहेत.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या के-१२ मुळे. फ्रीजरमध्ये 'के-१२' असे लिहिलेली कुठलीही कुपी चालत नाही. डीएच५ अल्फा, एमजी१६५५, सी६०० यांच्यात लॅम्डा बसलेला नसतो. त्यांच्यावर आरटू म्युटंट वाइल्ड टाइपसारखेच प्लाक देतात. मी स्वतः एकदा शेजारच्या प्रयोगशाळेतून आणलेली कुपी नावावर विश्वास ठेवून तीन आठवडे वापरली. प्रत्येक म्युटंट 'रिव्हर्ट' झाल्यासारखा, म्हणजे पुन्हा वाइल्ड टाइप झाल्यासारखा, दिसत होता. कुपीत लॅम्डाच नव्हता.

आणखी एक बारकावा: आरटूला अडवतात ते लॅम्डाचे रेक्स जनुक. लॅम्डा आहे पण रेक्स बिघडलेला आहे, असा जिवाणूही या कामाचा नाही.

> तपासा: काम सुरू करण्याआधी एकाच दिवशी चार प्लेट करा. वाइल्ड टाइप बी वर आणि के-लॅम्डावर, ओळखीचा आरटू म्युटंट बी वर आणि के-लॅम्डावर. पहिल्या तिन्हींवर प्लाक यावेत, चौथीवर येऊ नयेत. चौथीवर भरपूर प्लाक आले तर पुढे एक पाऊलही टाकू नका.

माध्यमे साधीच आहेत. खालचा अगर १.२ ते १.५ टक्के, वरचा मऊ अगर ०.६ ते ०.७ टक्के. पातळीकरणासाठी एसएम बफर: सोडियम क्लोराइड, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ट्रिस पीएच ७.५ आणि थोडे जिलेटिन. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात टी४ पातळ करू नका. क्षारांच्या दाट द्रावणातून एकदम पाण्यात गेल्यावर डोकी फुटतात आणि टायटर (प्रति मिली फाजांची संख्या) पडतो.

> सावधान: एसएम बफरमध्ये मॅग्नेशियम आहे म्हणून के-लॅम्डाच्या अगरमध्येही 'फाजला बरे' म्हणून जास्तीचे मॅग्नेशियम घालण्याचा मोह होतो. तो टाळा. मॅग्नेशियम वाढले की आरटू म्युटंटला के-लॅम्डात थोडीफार वाढ मिळू लागते आणि गाळणीच बिघडते.

काही टी४ वंशांना पेशीला चिकटण्यासाठी ट्रिप्टोफॅन लागतो. तुमचा स्टॉक कोणत्या वंशाचा आहे हे माहीत नसेल तर चिकटवण्याच्या मिश्रणात थोडा ट्रिप्टोफॅन घाला. त्याने नुकसान काही होत नाही.

## टप्पा २ : प्लेट ओतणे

1. खालच्या अगरच्या प्लेट आदल्या दिवशी ओता आणि उलट्या ठेवून कोरड्या करा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत एक रात्र पुरत नाही. झाकण किंचित उघडे ठेवून ३७ अंशांवर आणखी अर्धा तास ठेवा. ओल्या प्लेटवर प्लाक पसरतात आणि कडा पाहता येत नाहीत.
2. मऊ अगर वितळवून वॉटर बाथमध्ये ४६ अंशांवर आणा. बाथच्या पडद्यावरचा आकडा पाहून थांबू नका, नळीत थर्मामीटर बुडवून पाहा. ५० च्या वर गेला तर पेशी मरतात, ४२ च्या खाली आला तर गुठळ्या होतात.
3. छोट्या नळीत ०.१ मिली पातळ केलेला फाज आणि ०.२ मिली ताज्या पेशी घ्या. पाच ते दहा मिनिटे थांबा, म्हणजे फाज चिकटतील.
4. ३ मिली मऊ अगर घाला, बोटांमध्ये नळी दोनदा फिरवा, ओता आणि प्लेट तिरकी करून पसरवा. हे सगळे दहा सेकंदांत व्हायला हवे.
5. सपाट ओट्यावर १५ मिनिटे राहू द्या. मग उलटी करून ३७ अंशांवर रात्रभर ठेवा.

प्लाकचा आकार पाहायचा असेल तर एका प्लेटवर २०० ते ३०० पेक्षा जास्त प्लाक नकोत. दाटी झाली की वाइल्ड टाइप आणि आर यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. हजार प्लाक पाहायचे तर प्लेट वाढवा, दाटी वाढवू नका.

## टप्पा ३ : आर म्युटंट शोधणे

शोध बी वरच घ्यायचा. के-लॅम्डावर आरटू म्युटंट दिसतच नाही, त्यामुळे तिथे शोधणे निरर्थक. हे वाचताना स्वाभाविक वाटेल, पण घाईत उलटे करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

रसायन वापरू नका, निदान पहिल्या खेपेला. आपोआप होणारे आर म्युटंट पुरेसे सापडतात: काही हजार प्लाकमागे एखादा-दुसरा. प्रोफ्लेविन, हायड्रॉक्सिलअमाइन, ब्रोमोयुरॅसिल ही सगळी म्युटाजेन माणसालाही घातक आहेत. वापरायचीच असतील तर प्रत्येकाची रीत वेगळी असते. उदाहरणार्थ, हायड्रॉक्सिलअमाइन मोकळ्या फाज कणांवर चालतो. प्रोफ्लेविन मात्र पेशीच्या आत, डीएनएच्या प्रती निघत असताना काम करतो. मोकळ्या कणांत प्रोफ्लेविन मिसळून म्युटंटची वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे.

इथला खरा कळीचा मुद्दा स्वतंत्रपणाचा आहे. एकाच लायसेटमधून (फाजने पेशी फोडून झालेल्या द्रवातून) दहा आर प्लाक उचलले, तर ते दहाही एकाच बदलाची भावंडे असू शकतात. बदल वाढीच्या सुरुवातीला झाला तर त्याची पिल्ले शेकड्यांनी भरतात. म्हणून:

1. वाइल्ड टाइपचे २० वेगवेगळे प्लाक उचला आणि त्यांपासून २० छोटे लायसेट करा.
2. प्रत्येक लायसेट वेगळ्या प्लेटवर ओता.
3. प्रत्येक लायसेटमधून एकच आर प्लाक घ्या. दोन दिसले तरी एकच.
4. कुपीवर लायसेटचा क्रमांक लिहा. नुसते 'आर-१, आर-२' लिहू नका.

मोठ्या, स्वच्छ, कोरीव कडेच्या प्लाककडे लक्ष द्या. कधी कधी वाइल्ड टाइप प्लाकच्या एका बाजूला स्वच्छ फुगवटा दिसतो. त्या प्लाकच्या वाढीतच झालेला तो आर म्युटंट असतो. तोही घेता येतो, पण त्यात वाइल्ड टाइप नक्कीच मिसळलेला असतो.

## टप्पा ४ : शुद्धीकरण, जे कोणी दोनदा करत नाही

टाळला जाणारा टप्पा म्हणून मी यावर जास्त बोलणार आहे.

प्लाकच्या मधोमध निर्जंतुक टूथपिक टेकवा आणि ती १ मिली एसएममध्ये हलवा. क्लोरोफॉर्मचे दोन थेंब टाका, हलवा, दहा मिनिटे थांबा. टी४ ला क्लोरोफॉर्मने काही होत नाही, पण टूथपिकबरोबर आलेले जिवाणू मरतात. पातळ करून पुन्हा बी वर ओता. सुटा आलेला आर प्लाक उचला आणि हेच पुन्हा करा. किमान दोनदा, शक्यतो तीनदा.

विद्यार्थी विचारतात, 'सुटा प्लाक एका कणापासून आलेला असतो, मग तो शुद्धच नाही का?' टी४ च्या बाबतीत उत्तर 'नेहमीच नाही' असे आहे. रेणूच्या दोन्ही टोकांना तोच मजकूर दोनदा असतो हे वर पाहिले. मिश्र संसर्गातून आलेल्या एखाद्या कणात एका टोकाला आरटूची वाइल्ड टाइप प्रत असते आणि दुसऱ्या टोकाला म्युटंट प्रत. तो एकच कण असतो, पण त्याच्या पोटात दोन्ही मजकूर असतात. मिश्र संसर्गाच्या संततीत असे दुहेरी कण कुठल्याही एका जनुकासाठी साधारण दोन टक्के सापडतात. अशा कणाचा प्लाक ठिपकेदार येतो: थोडा धूसर, थोडा स्वच्छ. तो उचलून चाचणीला लावला तर के-लॅम्डावर प्लाक येतात आणि आपण 'रिव्हर्शन जास्त आहे' असे लिहून मोकळे होतो.

> तपासा: शुद्ध केलेल्या स्टॉकची बी वरची प्लेट काळ्या कागदावर धरून पाहा. सगळे प्लाक एकसारखे मोठे, स्वच्छ हवेत. शंभरात एकही धूसर किंवा ठिपकेदार दिसला तर पुन्हा एक फेरी करा.

## टप्पा ५ : आरटू आहे का?

एका टूथपिकने प्लाक टोचा. आधी के-लॅम्डाच्या लॉनवर (पेशींच्या सलग थरावर) टेकवा, मग त्याच टूथपिकने बी च्या लॉनवर. क्रम उलटा नको. आधी बी वर टेकवून टूथपिकवरचा फाज संपला, तर के-लॅम्डावर काही न येण्याचे कारण तेच असू शकते. के-लॅम्डा आधी घेतला आणि तिथे काही नाही, पण नंतर बी वर डाग आला, तर फाज टूथपिकवर होता हे सिद्ध होते.

- बी वर डाग, के-लॅम्डावरही मोठा स्वच्छ डाग: आरवन.
- बी वर आर सारखा डाग, के-लॅम्डावर वाइल्ड टाइपसारखा: आरथ्री.
- बी वर डाग, के-लॅम्डावर काही नाही किंवा एखादा-दुसरा ठिपका: आरटू.

हा एखादा-दुसरा ठिपका म्हणजे रिव्हर्टंट. आता प्रत्येक आरटू स्टॉकचा बी वरचा आणि के-लॅम्डावरचा टायटर मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागले की रिव्हर्शनचे प्रमाण मिळते. हा आकडा टप्पा ७ मध्ये लागणारच आहे. जो म्युटंट कितीही दाट ओतला तरी एकही रिव्हर्टंट देत नाही, त्याच्या नावापुढे 'डिलिशन?' असे लिहून ठेवा. प्रश्नचिन्ह मात्र खोडू नका, ते टप्पा ८ पर्यंत राहू द्या.

## टप्पा ६ : पूरकता चाचणी

प्रश्न असा: दोन म्युटंटमधले दोष एकाच जनुकात आहेत की दोन वेगळ्या? आरटूचे दोन भाग आहेत, ए आणि बी. दोघांची प्रथिने असतील तरच फाज के-लॅम्डात वाढतो. एका म्युटंटने ए चे प्रथिन दिले आणि दुसऱ्याने बी चे, तर एकाच पेशीत दोघेही वाढतात. इथे डीएनएची देवाणघेवाण व्हावी लागत नाही.

1. के-लॅम्डाच्या साधारण दहा कोटी पेशी आणि तपासायच्या म्युटंटचे जास्तीत जास्त एक कोटी कण मऊ अगरमध्ये मिसळून ओता.
2. अगर घट्ट झाल्यावर प्लेटच्या पाठीवर चार घरे आखा.
3. पहिल्या घरात ओळखीचा ए म्युटंट, दुसऱ्यात ओळखीचा बी म्युटंट, तिसऱ्यात तपासायचा म्युटंट स्वतःच, चौथ्यात नुसता बफर. प्रत्येकी १० मायक्रोलीटर, टायटर सुमारे दहा कोटी प्रति मिली.
4. थेंब पूर्ण सुकेपर्यंत प्लेट हलवू नका. मग ३७ अंश, रात्रभर.

वेगळ्या प्लेटवर फक्त के-लॅम्डा ओता आणि त्यावर ए आणि बी म्युटंटचे एकेकटे थेंब टाका. हे नियंत्रण वगळले तर पुढचे वाचन करता येत नाही.

वाचन. थेंबाची पूर्ण जागा स्वच्छ झाली असेल तर पूरकता आहे, म्हणजे दोष वेगवेगळ्या जनुकांत आहेत. थेंबाच्या जागेत मोजता येतील असे सुटे प्लाक असतील तर ते पुनर्संयोजनातून किंवा रिव्हर्शनमधून आलेले वाइल्ड टाइप आहेत. ती पूरकता नव्हे. गल्लत होते ती इथेच. 'काहीतरी आले' म्हणून पूरक, असे लिहू नका. सगळी जागा साफ झाली की सुटे ठिपके आले, हा प्रश्न विचारा.

> सावधान: फार दाट थेंब फसवतो. आरटू म्युटंट के-लॅम्डात वाढत नसला तरी पेशीला मारतो. थेंबात कण फार असतील तर सगळ्या पेशी मरून जागा स्वच्छ दिसते, पण एकही नवा फाज तयार झालेला नसतो. एकट्या म्युटंटच्या थेंबानेही स्वच्छ जागा आली तर दहापट पातळ करून पुन्हा करा. त्याच कारणाने मऊ अगरमध्ये मिसळलेला फाजही एक कोटीच्या वर नेऊ नका, नाहीतर लॉनच उगवणार नाही.

तपासायचा म्युटंट ए आणि बी दोघांनाही पूरक ठरत नसेल तर दोन शक्यता आहेत: दोन्ही भागांवर पसरलेले डिलिशन, किंवा एकाच फाजमध्ये दोन वेगळे दोष.

## टप्पा ७ : पुनर्संयोजनाचे प्रमाण

एकाच जनुकातल्या दोन दोषांमधले अंतर मोजायचे असेल तर दोन्ही फाज एकाच पेशीत वाढवून त्यांच्या डीएनएला अदलाबदल करू द्यावी लागते. ही वाढ बी मध्येच करायची. के-लॅम्डात एकाच जनुकाचे दोन म्युटंट वाढतच नाहीत, मग अदलाबदलीला प्रती कुठून येणार?

1. बी चे वाढते कल्चर घ्या, साधारण वीस कोटी पेशी प्रति मिली. रात्रभर ठेवलेले कल्चर चालणार नाही.
2. १ मिली पेशींत दोन्ही म्युटंटचे प्रत्येकी ०.१ मिली एकत्रच घाला. दोन्ही स्टॉक हजार कोटी प्रति मिलीचे असावेत. म्हणजे प्रत्येक पेशीमागे प्रत्येक फाजचे सरासरी पाच कण येतात.
3. ३७ अंशांवर दहा मिनिटे चिकटू द्या.
4. कोमट ब्रॉथमध्ये दहा हजारपट पातळ करा, म्हणजे उरलेले मोकळे फाज नव्या पेशींना गाठणार नाहीत.
5. ३७ अंशांवर ९० मिनिटे ठेवा, मग क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून हलवा.
6. योग्य पातळ्या करून त्याच नमुन्यातून बी वर आणि के-लॅम्डावर ओता.

पेशीमागे पाच कण कशासाठी? सरासरी एक असेल तर सुमारे ३७ टक्के पेशींना तो फाज मिळतच नाही. दोन्ही फाज सरासरी एक-एक असतील तर दोन्ही मिळालेल्या पेशी फक्त ४० टक्के असतात. सरासरी तीन असेल तर ९० टक्के, पाच असेल तर जवळपास ९९ टक्के. स्टॉकचा टायटर महिन्यापूर्वी मोजला असेल तर तो आज पुन्हा मोजा, नाहीतर पाच समजून दोनवर काम चालेल आणि सगळी अंतरे लहान येतील.

जुन्या पद्धतींत एकाच वेळी वाढ सुरू व्हावी म्हणून पोटॅशियम सायनाइड वापरत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत ते आणूच नका. पातळीकरणाने आपले काम भागते.

हिशेब. समजा के-लॅम्डावर टायटर २० लाख प्रति मिली आला आणि बी वर ४० कोटी. के-लॅम्डावर फक्त वाइल्ड टाइप मोजला जातो. अदलाबदलीतून तितकेच दुहेरी म्युटंटही तयार होतात, पण ते के-लॅम्डावर दिसत नाहीत. म्हणून २० लाखांची दुप्पट, ४० लाख. त्याला ४० कोटींनी भागले की १ टक्का. ही दुप्पट विसरणे ही वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसलेली चूक आहे.

आता दोन दुरुस्त्या. तुमच्या हातचा वाइल्ड टाइप के-लॅम्डावर बी च्या तुलनेत ८० टक्केच प्लाक देत असेल तर उत्तराला ०.८ ने भागा, १.२५ टक्के येईल. आणि टप्पा ५ मधला रिव्हर्शनचा आकडा बी च्या टायटरने गुणून के-लॅम्डाच्या टायटरमधून वजा करा. पुनर्संयोजन १ टक्का आणि रिव्हर्शन लाखात एक असेल तर फरक पडत नाही. पुनर्संयोजन ०.०२ टक्के आणि रिव्हर्शन दहा हजारांत एक असेल तर मात्र जपा: ०.०२ टक्के म्हणजे के-लॅम्डावर दहा हजारांत एकच. म्हणजे आलेले सगळे प्लाक रिव्हर्टंटच असू शकतात. अशा जोडीचे अंतर सांगू नका.

## टप्पा ८ : डिलिशनने जागा शोधणे

प्रत्येक म्युटंटचे प्रत्येकाशी अंतर मोजत बसलो तर शंभर म्युटंटसाठी ४,९५० जोड्या होतात. त्याऐवजी जागा माहीत असलेली मोठी डिलिशन वापरा. जो भाग डिलिशन फाजच्या डीएनएत नाहीच, त्या भागातला दोष अदलाबदलीने दुरुस्त होऊ शकत नाही. म्हणून इथले उत्तर हो किंवा नाही एवढेच असते, अंतर मोजावे लागत नाही.

1. नळीत बी च्या पेशी, तपासायचा म्युटंट आणि एक डिलिशन फाज एकत्र करा.
2. काही मिनिटे चिकटू द्या.
3. थेंब के-लॅम्डाच्या लॉनवर टाका. आधीच संसर्ग झालेल्या बी च्या पेशी तिथे फुटतात आणि त्यांतले वाइल्ड टाइप के-लॅम्डावर प्लाक देतात.
4. प्लाक आले: दोष डिलिशनच्या बाहेर. आले नाहीत: दोष डिलिशनच्या आत.

बी च्या पेशी वगळून दोन्ही फाज सरळ के-लॅम्डावर टाकण्याची चूक इथे हमखास होते. मग बहुतेक ठिकाणी प्लाक येत नाहीत आणि बाहेरचे दोषही डिलिशनच्या आत असल्यासारखे दिसतात.

> तपासा: आर१२७२ बरोबर कुठलाही आरटू म्युटंट प्लाक देऊ नये. दिले तर तो म्युटंट रिव्हर्ट होतो आहे किंवा आरटूच नाही. मोठ्या डिलिशनने भाग ठरल्यावरच लहान डिलिशनकडे वळा, उलटे नको.

टप्पा ५ मधल्या 'डिलिशन?' ची परीक्षाही इथेच होते. एकमेकांपासून वेगळ्या अशा दोन किंवा अधिक बिंदू-म्युटंटबरोबर ज्याचे वाइल्ड टाइप येत नाहीत आणि जो रिव्हर्ट होत नाही, तो डिलिशन. नुसते रिव्हर्ट न होणे पुरेसे नाही. दुहेरी म्युटंटही रिव्हर्ट होत नाही.

## टप्पा ९ : डीएनए काढणे आणि पाहणे

डीएनए काढण्याआधी लायसेटमध्ये डीएनेझ आणि आरएनेझ घालून अर्धा तास ठेवा, नाहीतर फुटलेल्या जिवाणूंचा डीएनए फाजचा म्हणून मोजला जाईल. मग १ मोलर सोडियम क्लोराइड आणि १० टक्के पीईजी ८००० घालून रात्रभर थंडीत ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करून कण खाली बसवा. त्यानंतर प्रोटीनेझ के आणि एसडीएस, फिनॉल-क्लोरोफॉर्म, शेवटी इथेनॉल. फिनॉलनंतर व्हॉर्टेक्स करू नका, पिपेटची टिप कापून घ्या. इतका लांब रेणू जोरात ओढला की तुटतो.

आता जेल, आणि जेलवरच्या तीन फसगती.

पहिली: लांबी. साध्या ०.८ टक्के अगारोजवर मोठे रेणू एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. लॅम्डाच्या हिंद थ्री मार्करचा सर्वांत मोठा तुकडा २३ हजार बेसजोड्यांचा असतो. टी४ चा पट्टा त्याच्या आसपास दिसतो, म्हणून 'टी४ डीएनए २३ केबी' असे लिहिले जाते. ते चूक आहे. खरी लांबी पाहायला पल्स्ड फील्ड जेल (ज्यात विजेची दिशा बदलत राहते) लागते.

दुसरी: एन्झाइम. टी४ च्या डीएनएत साधा सायटोसिन नसतो. त्याच्या जागी हायड्रॉक्सिमिथिलसायटोसिन असतो आणि त्यावर ग्लुकोज बसवलेले असते. इको आर वन, हिंद थ्री, बॅम एच वन यांना तो कापता येत नाही. पट्टा अखंड राहिला म्हणून एन्झाइम खराब झाले असे समजू नका. बाजूच्या नळीत लॅम्डाचा डीएनए त्याच एन्झाइमने कापून पाहा. टी४ साठी ज्यांच्या जागेत फक्त ए आणि टी आहेत अशी एन्झाइम घ्या, जसे ड्रा वन किंवा एसएसपी वन. टी४ मध्ये ए-टी चे प्रमाण जवळपास ६५ टक्के असल्याने तुकडे भरपूर आणि लहान येतील, त्याची तयारी ठेवा.

तिसरी: डिलिशन. लॅम्डाचा डीएनए ठरलेल्या खुणेपासून ठरलेल्या खुणेपर्यंत कापून डोक्यात भरला जातो, म्हणून लॅम्डात तुकडा गेला की रेणू तेवढाच आखूड होतो. टी४ मध्ये तसे होत नाही. डोके भरेपर्यंत डीएनए भरला जातो, मग जनुकसंच लहान असो की मोठा. आरटूचे दोन्ही भाग मिळून साधारण ३,१०० बेसजोड्यांचे आहेत. ते पूर्ण गेले तरी कणातला डीएनए तेवढाच राहतो. फक्त टोकांना पुन्हा येणारा मजकूर साधारण दुप्पट होतो. म्हणून पल्स्ड फील्ड जेलवर वाइल्ड टाइप आणि मोठे डिलिशन शेजारी धावले तर पट्टे सारखेच दिसतील. 'डिलिशन नाही' असा निष्कर्ष काढू नका.

डिलिशन पाहायचे असेल तर पीसीआर करा. प्लाक उचलून ५० मायक्रोलीटर पाण्यात घ्या, ९५ अंशांवर दहा मिनिटे ठेवा आणि २ मायक्रोलीटर वापरा. ग्लुकोज असलेल्या डीएनएची प्रत पॉलिमरेज काढू शकते, आणि प्रतीत साधा सायटोसिन येतो. त्यामुळे पीसीआरचा तुकडा नेहमीच्या एन्झाइमने कापता येतो आणि सिक्वेन्सिंगलाही देता येतो. प्रायमर मात्र आरटूच्या दोन्ही बाजूंना, पुरेसे बाहेर घ्या. प्रायमरची जागाच डिलिशनमध्ये गेली तर काहीच येणार नाही. म्हणून त्याच टेम्पलेटवर टी४ च्या दुसऱ्या एखाद्या जनुकाचा पीसीआर सोबत ठेवा. दुसरे जनुक आले आणि आरटू आले नाही, तरच डिलिशनविषयी बोला.

सिक्वेन्समध्ये सापडलेला बदल टप्पा ६ आणि टप्पा ८ च्या उत्तरांशी ताडून पाहा. पूरकता चाचणीने बी म्हटले आणि बदल ए मध्ये सापडला, तर सिक्वेन्सवर शंका घेण्याआधी कुपीवरचा क्रमांक आणि शुद्धीकरणाची प्लेट पाहा.

उरलेले स्टॉक घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत, क्लोरोफॉर्मचा थेंब टाकून, ४ अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात वीज गेली की क्लोरोफॉर्म उडतो, तेव्हा महिन्यातून एकदा तपासा. वापरलेल्या प्लेट, टिप आणि टूथपिक ऑटोक्लेव्ह करूनच टाका, आणि ज्या ओट्यावर बी चे साधे कल्चर वाढवता त्या ओट्यावर टी४ उघडू नका.